भाव पार्टचा, की समोरच्याच्या गरजेचा?

फोनवरचा माणूस आधी पाच मिनिटं नुसता गाडीबद्दलच बोलत होता. मॉडेल कोणतं, कितव्या वर्षाचं, कुणाकडून घेतली, कोणत्या अवस्थेत घेतली. मग जरा थांबून म्हणाला, "दोन वर्षं झाली, गाडी स्टँडवर उभी आहे. हेडला तडा गेलाय. कंपनीनं तो पार्ट केव्हाच बंद केला. तुमच्याकडे एक जास्तीचं हेड आहे असं कळलं. तुम्ही सांगाल ते देतो."

शेवटच्या चार शब्दांनी माझी झोप उडवली. माझ्याकडे त्या इंजिनची दोन सिलिंडर हेड होती, म्हणजे इंजिनच्या वर बसणारे ओतीव तुकडे. एक माझ्याच गाडीसाठी राखून ठेवलेलं, दुसरं खरोखर जास्तीचं, मोडीत निघालेल्या एका गाडीसोबत घेतलेलं. माझ्या मनात जो आकडा होता त्याच्या तिप्पट तो माणूस हसत देईल, हे त्याच्या आवाजावरून कळत होतं. मी तिप्पट मागितले असते तर कुठलाही कायदा मोडला नसता. तो राजीखुशीनं देणार होता. तरीही तसं मागणं अन्यायाचं ठरलं असतं, असं माझं ठाम मत आहे. जुन्या सुट्या भागांची देवघेव करणाऱ्या आम्हा हौशी लोकांत या मताला विरोध करणारे पुष्कळ आहेत, आणि ते काही वाईट लोक नाहीत. म्हणून हा वाद नीट मांडायला हवा.

विरोधकांचं म्हणणं एका ओळीत सांगता येतं: घेणारा देईल तो भाव. वस्तूला स्वतःची अशी किंमत नसते. दोन शहाणी माणसं दबावाशिवाय ज्या आकड्यावर एकमत होतात तोच आकडा न्याय्य. ऐकायला हे सरळ वाटतं. पण यातला 'दबावाशिवाय' हा शब्द तपासून पाहा. ज्याची गाडी दोन वर्षं स्टँडवर आहे, ज्यानं रंगकाम, आतली बैठक, वायरिंग सगळं करून ठेवलंय आणि आता एका ओतीव तुकड्यासाठी सगळं अडलंय, त्याच्यावर दबाव नाही असं कसं म्हणायचं? दबाव मी आणलेला नाही हे खरं. पण मी त्याचा फायदा घ्यायचा की नाही, हे माझ्याच हातात आहे. आपल्याकडे 'अडला हरी गाढवाचे पाय धरी' म्हणतात, त्यात हरीची दया येते. गाढवानं काय करायला हवं होतं, हे मात्र कुणी विचारत नाही.

हा प्रश्न नवा नाही. तेराव्या शतकात थॉमस अ‍ॅक्विनास या धर्मपंडितानं न्याय्य किमतीचा विचार करताना एक बारीक भेद केला होता, तो मला आजही सगळ्यात उपयोगी वाटतो. वस्तू हातची गेल्यामुळे विकणाऱ्याचं स्वतःचं काही खास नुकसान होत असेल, तर त्यानं तेवढे पैसे वर घ्यावेत, त्यात गैर नाही. पण घेणाऱ्याला त्या वस्तूची फार निकड आहे, एवढ्याच कारणानं किंमत वाढवू नये. कारण ती निकड विकणाऱ्याच्या मालकीची नाही, आणि जे आपल्या मालकीचं नाही ते विकता येत नाही. आता हेच माझ्या दोन हेडना लावून बघा. राखून ठेवलेलं हेड कुणी मागितलं तर मी जास्त मागू शकतो, कारण ते दिलं तर उद्या माझीच गाडी उघडी पडेल. जास्तीचं हेड गेल्यानं माझं काहीच अडत नाही, उलट रॅकवरची जागा मोकळी होते. पार्ट तोच, नंबर तोच, घेणाराही तोच, आणि तरी किंमत वेगळी. हा फरक घेणाऱ्याच्या खिशाकडे न बघता ठरतो, म्हणून तो मला पटतो.

सामान्य माणसालाही हे आतून कळतं. १९८६ मध्ये डॅनियल कानेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर या अभ्यासकांनी लोकांना एक साधा प्रश्न विचारला होता. एक दुकानदार बर्फ उपसायची फावडी १५ डॉलरला विकत होता. मोठं हिमवादळ झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं किंमत २० डॉलर केली. हे योग्य की अयोग्य? ८२ टक्के लोकांनी अयोग्य म्हटलं. मागणी वाढली की भाव वाढतो हे त्यांना माहीत नव्हतं, असं नाही. फावडं तेच, दुकानदाराचा खर्च तोच. वाढली फक्त गिऱ्हाईकाची अडचण. तिचे पैसे लावणं त्यांना खटकलं.

यावर कुणी म्हणेल, की दुकानदार कुठे आणि आपण कुठे. बरोबर आहे, आणि म्हणूनच आपल्यावर जबाबदारी जास्त येते. दुकानदार आणि गिऱ्हाईक सहसा जागा बदलत नाहीत. आम्ही मात्र सारख्या बदलतो. आज ज्याला मी हेड देतोय त्याच्याच फळीवर उद्या मला हवा असलेला डिस्ट्रिब्युटर निघेल. शिवाय बंद झालेल्या मॉडेलचे पार्ट मोजकेच उरलेले असतात. ते फिरत राहिले तर गाड्या चालतात, कुणाच्या तरी कोपऱ्यात भाव वाढायची वाट पाहत पडून राहिले तर गाड्या उभ्या राहतात.

इथवर भावनेनं बोललो. पण भावनेवर आकडा ठरत नाही. 'वाजवी' म्हणजे नेमकं किती, हे काढता आलं पाहिजे. नाहीतर हा सगळा उपदेश होईल.

आमच्यात सर्रास चालणारा नियम म्हणजे 'नव्याच्या निम्मे'. सोपा आहे, भांडण लवकर मिटतं, आणि बहुतेक वेळा चुकीचा असतो. ब्रेक डिस्कच घ्या. डिस्कच्या कडेला किंवा मधल्या टोपीवर किमान जाडी कोरलेली असते. त्याखाली डिस्क गेली की ती फेकायची. समजा नवी डिस्क २२ मिलिमीटर आहे आणि किमान जाडी २०. म्हणजे त्या डिस्कचं सगळं आयुष्य दोन मिलिमीटरचं. वापरलेली डिस्क मायक्रोमीटरनं मोजली आणि २०.६ भरली, तर उरलंय ०.६, म्हणजे ३० टक्के. दिसायला ती नव्यासारखीच दिसते, वजनही जवळपास तेवढंच लागतं. तिचे निम्मे पैसे घेणं म्हणजे जे झिजून रस्त्यावर सांडलंय त्याचेही पैसे घेणं. टायरचं तसंच. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते. पुष्कळ देशांत १.६ मिलिमीटरच्या खाली टायर चालवता येत नाही. ४ मिलिमीटर उरलेला टायर माणसं 'अर्धा शिल्लक' म्हणून विकतात. पण वापरण्याजोगा भाग होता ६.४, त्यातला राहिलाय २.४. म्हणजे ३७ टक्क्यांच्या आसपास. आणि हा झाला फक्त झिजेचा हिशेब. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, आठवडा आणि वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. रबर उभ्या उभ्याही म्हातारं होतं. नक्षी पूर्ण असलेला पण दहा वर्षं शेडमध्ये पडलेला टायर मी कुणाला कुठल्याच भावानं देणार नाही.

उलट बाजूही आहे. दरवाजा, बॉनेट, मागच्या काचेची फ्रेम, डॅशबोर्डमधलं घड्याळ, यांना 'झीज' हा हिशेब लागत नाही. गंज नसलेला, न ठोकलेला मूळ दरवाजा वीस वर्षांनीही दरवाजाच असतो. त्याला निम्मे म्हणणारा घेणाराच विकणाऱ्यावर अन्याय करत असतो. बाजारात मिळणारा नकली पत्रा बसवताना किती ठोकाठोकी करावी लागते, फटी कशा जुळत नाहीत, हे ज्यानं एकदा अनुभवलंय त्याला मूळ पत्र्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. अशा पार्टला नव्याच्या ऐंशी टक्के मागितले तरी मला ते वावगं वाटत नाही.

म्हणून माझी पद्धत एवढीच: आधी पार्टचं आयुष्य कशात मोजायचं ते ठरवा. मिलिमीटरमध्ये, वर्षांत, की शाबूतपणात? मग किती उरलंय ते मोजा. मग त्याचा नव्याशी, किंवा नवा मिळतच नसेल तर शेवटच्या खऱ्या व्यवहाराशी मेळ घाला.

'खऱ्या व्यवहाराशी' हे मी मुद्दाम म्हणतोय. भाव काढताना माणसं काय करतात, तर तोच पार्ट आणखी कोण केवढ्याला विकतोय ते बघतात. पण जाहिरातीत दिसतो तो मागितलेला आकडा, मिळालेला नव्हे. वाजवी भावाचा पार्ट दोन दिवसांत जातो आणि दिसेनासा होतो. अवाच्या सव्वा मागणाऱ्याचा पार्ट तीन वर्षं तिथेच लटकत राहतो. म्हणजे बघणाऱ्याच्या डोळ्यांसमोर सतत न विकले गेलेले भावच असतात, आणि तेच 'बाजारभाव' म्हणून पुढचा माणूस लावतो. एका माणसाची हाव अशी दहा जणांचा मापदंड होते. ज्यांनी खरोखर घेतलं त्यांना विचारा. तीन जण सापडले तरी चित्र बदलतं.

दुर्मीळपणाच्या भरवशावर साठा करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. बंद झालेला पार्ट कायमचा बंदच राहील असं नाही. निस्साननं २०१७ च्या डिसेंबरात आर३२ स्कायलाइन जीटी-आरसाठी बंद झालेले पार्ट पुन्हा बनवून विकायला सुरुवात केली. माझ्दानं एमएक्स-५ च्या पहिल्या पिढीसाठी तसंच केलं, टोयोटानं जुन्या सुप्रासाठी. ज्यांनी असे पार्ट वर्षानुवर्षं दाबून ठेवले असतील त्यांच्या मनातला आकडा एका घोषणेनं हवेत विरतो. तोपर्यंत ज्या गाड्यांना त्या पार्टची गरज होती त्यांचं मात्र व्हायचं ते नुकसान होऊन गेलेलं असतं.

आता विकणाऱ्याच्या बाजूनं बोलतो, कारण ती बाजू आमच्यात फार कमी ऐकली जाते.

'आपल्यातलाच आहेस, मग एवढे कसे मागतोस?' हे वाक्य ज्यानं कधी गाडी मोडून पार्ट विकलेत त्याला तोंडपाठ असतं. घेणाऱ्याला दिसतो फक्त टेबलावर ठेवलेला पार्ट. तो टेबलापर्यंत कसा आला ते दिसत नाही. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे आठ नट. त्यातले पाच सुटतात. सहाव्यावर गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवायचं, सकाळी गॅस लावून लालभडक करायचा. सातवा हातात येतो तो स्टडसकट. आठवा तुटतो, मग ड्रिल, मग उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर, आणि तोही आत मोडला तर पुढचा अख्खा दिवस गेला. हे करताना नखांत गेलेला काळा गंज आठवडाभर निघत नाही. त्यानंतर धुणं, फोटो काढणं, वीस जणांना उत्तरं देणं, त्यातले अठरा गायब होणं, पॅकिंग, पार्सल. याचे पैसे मागणाऱ्याला लोभी म्हणू नये. माझ्या मते काढण्याच्या तासांचे पैसे उघड लावावेत, अगदी वेगळे लिहून: पार्टचे इतके, कामाचे इतके, पॅकिंगचे इतके. लाजत लाजत तेच पैसे पार्टच्या किमतीत मुरवले की मग ताकाला जाऊन भांडं लपवल्यासारखं होतं आणि घेणाऱ्याचा संशय वाढतो. ज्याला तो खर्च जास्त वाटतो त्यानं स्वतः येऊन, पाने घेऊन, गाडीखाली झोपून पार्ट काढावा आणि तेवढे वाचवावेत. माझ्याकडे असं करणारे दोघेतिघे आहेत. काढून झाल्यावर त्यांच्यातल्या एकानंही घासाघीस केलेली नाही.

पण विकणाऱ्याला स्वतःपासूनही जपावं लागतं. कानेमन, नेच आणि थेलर यांनीच १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांना साधे कॉफीचे मग दिले आणि ते विकायचे झाले तर काय घ्याल असं विचारलं. इतरांना विचारलं की काय द्याल. ज्यांच्या हातात मग होता त्यांनी साधारण दुप्पट सांगितले. तो मग हातात येऊन काही मिनिटंच झाली होती. तर ज्या स्टीअरिंग व्हीलमागे आपण पंधरा वर्षं बसलो त्याचं काय होत असेल! आपल्या आठवणींचे पैसे आपण नकळत लावतो. त्या आठवणी खऱ्या असतात, पण घेणाऱ्याला त्या मिळणार नसतात.

आणि हाच विकणारा जर दोष लपवत असेल, तर वरचा सगळा हिशेब वाया जातो. किंमत आणि माहिती या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. पार्टची किंमत म्हणजे त्याच्या वर्णनाची किंमत. 'चालू स्थितीत होता' या तीन शब्दांवर मी एकदा एक गिअरबॉक्स घेतला. भाव उत्तम होता, मीच खूश होतो. बसवला, आणि तिसऱ्यावरून दुसऱ्यात टाकताना दर वेळी करकर. पुन्हा उतरवला, उघडला. दुसऱ्या गिअरच्या सिंक्रो रिंगचे, म्हणजे गिअर बिनआवाज पडावा म्हणून असलेल्या कड्याचे, दात वितळलेल्या मेणासारखे गोल झालेले. विकणाऱ्याला हे माहीत नसणं अशक्य होतं. रोज चालवताना हाताला लागतंच ते. त्यानं सांगितलं असतं तर मी रिंग आणून, बसवण्याआधीच बदलून घेतली असती आणि तेवढे कमी दिले असते. दोघांचंही भागलं असतं. त्याऐवजी माझे दोन शनिवार-रविवार गेले आणि त्या माणसाशी संबंध संपला.

जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अर्थतज्ज्ञानं १९७० मध्ये जुन्या गाड्यांचंच उदाहरण घेऊन दाखवलं होतं, की घेणाऱ्याला चांगलं-वाईट ओळखता येत नसेल तर तो सगळ्यांनाच सरासरी भाव देऊ लागतो. मग चांगल्या गाडीचा मालक त्या भावात विकायला तयार होत नाही, आणि बाजारात उरतात खराब गाड्या. आमच्या देवघेवीतही हेच होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची ठेवणारे वाढले, की नीट मोजून, फोटो काढून, दोष दाखवून विकणाऱ्यालाही लोक त्याच संशयानं बघतात, आणि तो कंटाळून विकणंच सोडतो.

काही पार्टना तर न्याय्य किंमतच नसते. उडालेला किंवा कुठल्या अपघातातून आला ते माहीत नसलेला एअरबॅग, प्रिटेन्शनर (धडकेच्या क्षणी पट्टा ताणणारी यंत्रणा) असलेला जुना सीटबेल्ट, एकदाच ताणण्यासाठी बनवलेले हेड बोल्ट, वापरलेली हेड गॅस्केट. हे विकू नयेत, फुकटही देऊ नयेत. धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा प्रश्न वेगळा. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम असतं; २०२१ मध्ये रोडियमचा भाव विक्रमी उंचीवर गेला होता आणि त्या काळात गाड्यांखालून कन्व्हर्टर कापून नेण्याचे प्रकार खूप वाढले होते. कुठल्या गाडीचा, हे न सांगता कुणी स्वस्तात देऊ करत असेल तर भावाची चर्चाच करू नये. इंजिनच्या कॉम्प्युटरचंही आधी विचारून घ्यावं: पुष्कळ गाड्यांत तो चावीशी जोडलेला असतो, आणि दुसऱ्या गाडीत बसवला तर गाडी सुरूच होत नाही. हे ठाऊक असून 'काढला तेव्हा चालू होता' म्हणून विकणं ही सरळ फसवणूक आहे, मग किंमत कितीही कमी असो.

आतापर्यंत मी विकणाऱ्याला जास्त माहीत असतं असं धरून चाललो. कधी उलटं असतं, आणि तिथे आमच्यातल्या भल्याभल्यांचा पाय घसरताना मी पाहिलाय.

आमच्यातले एक गृहस्थ वारले. वर्षभरानं त्यांच्या पत्नीनं मला बोलावलं. म्हणाल्या, "भाऊ, हे सगळं शेडमधलं लोखंड काढून टाकायचंय. भंगारवाल्यानं वजनावर भाव सांगितलाय. तुम्ही तेवढे दिलेत तरी चालेल, निदान ह्यांच्या वस्तू जाणत्या माणसाकडे जातील." शेडमध्ये गेलो. जुन्या चादरीखाली लाकडी खोका होता, त्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेली वेबर या इटालियन कंपनीच्या कार्बोरेटरांची जोडी. बाजूनं हवा घेणारे, दुहेरी घशाचे. कव्हरवरचे अक्षर-आकडे स्पष्ट, थ्रॉटलचा दांडा बोटानं हलवून पाहिला तर खेळ जवळजवळ नाही. त्या एका खोक्याची किंमत उरलेल्या सगळ्या शेडपेक्षा जास्त होती, आणि ती जोडी मी सहा वर्षं शोधत होतो.

त्यांनी भाव स्वतः सांगितला होता. मी फसवलं नसतं, घासाघीस केली नसती, खोटं एक अक्षर बोललो नसतो. 'घेणारा देईल आणि विकणारा घेईल तो भाव' हा नियम इथे तंतोतंत पाळला गेला असता. आणि मी आयुष्यभर त्या गाडीचं बॉनेट उघडताना मान खाली घातली असती. मी त्यांना म्हटलं, "वहिनी, वजनावर देऊ नका. बसा जरा, यादी करू." दोन रविवार लागले. वस्तूचं नाव, अवस्था, कुणाला लागू शकेल, आणि तीन जणांना विचारून काढलेला भाव. कार्बोरेटर मी घेतले, यादीतल्या भावाला, एकही पैसा कमी न करता. त्यांनी कमी करायला सांगितलं होतं. मी नको म्हणालो, कारण त्यांना आता आकडा कळला होता आणि मला तो आकडा बदलायचा नव्हता.

जाणकारीचे पैसे मिळू नयेत असं मी म्हणत नाही. भंगाराच्या ढिगातून, जिथे विकणारा व्यापारी आहे आणि वजनावर विकणं हाच त्याचा धंदा आहे, तिथून तुम्ही रत्न उचललंत तर ती तुमची नजर. पण घरातलं माणूस गेल्यावर विश्वासानं बोलावणाऱ्याच्या अज्ञानावर कमावणं वेगळं. अडलेल्याच्या निकडीवर कमावण्याइतकंच ते मला परकं धन वाटतं. दोन्हीकडे पैसा पार्टमधून येत नाही, समोरच्याच्या उणिवेतून येतो.

माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप मात्र अजून राहिलाय. लोक म्हणतात, तू वाजवी भावानं देशील. घेणारा आठ दिवसांत तोच पार्ट दुप्पट भावानं दुसऱ्याला विकेल. तुझ्या चांगुलपणाचा नफा दलालाला. मग तूच का घेऊ नयेस?

हे घडतं. माझ्याबाबतीत दोनदा घडलंय, आणि दुसऱ्या वेळी तर मीच काढलेल्या फोटोसकट. राग आला, अजून येतो. त्यावर पक्का उपाय माझ्याकडे नाही. मी एवढं करतो: गाडीचा फोटो मागतो, कुठवर काम आलंय ते विचारतो. खरा गरजवंत या प्रश्नांवर अर्धा तास बोलतो. दलाल दोन वाक्यांत आटोपतो. आणि देताना सांगतो, की नाही लागला तर आधी मला विचारा, याच भावानं परत घेईन. हे वचन कायद्याच्या दृष्टीनं कवडीमोलाचं असेल, पण पाळणारे पाळतात. तरीही कुणी फसवलंच, तर त्यानं केलेल्या गोष्टीमुळे माझा भाव चुकीचा होता असं होत नाही. उद्या येणाऱ्या खऱ्या माणसाकडून मी आधीच दंड वसूल करायला लागलो, तर दलालाची आणि माझी ओळख वेगळी कशी राहील?

लिलावानं विकण्याबद्दलही विचारतात. अत्यंत दुर्मीळ वस्तू, पाच-सहा जण तितकेच उत्सुक, सगळ्यांना माहिती सारखी: तिथे लिलाव मला चालतो, कारण कुणा एकाला देताना दुसऱ्याला नाही म्हणण्याचं कारण तरी द्यावं लागतं. पण तिथेही मी पैशाआधी गाडीकडे बघतो. एकाच्या काचेच्या कपाटात जाणार असेल आणि दुसऱ्याच्या इंजिनावर बसणार असेल, तर थोडे कमी घेऊन मी दुसऱ्याला देईन. हा माझा पक्षपात आहे, आणि तो मी लपवत नाही.

आता त्या हेडकडे येतो. फोननंतरच्या रविवारी ते रॅकवरून उतरवलं, पृष्ठभाग साफ केला, उजेडात धरून त्यावर सरळ पट्टी ठेवली आणि फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पोलादी पानं, खालून सरकवून पाहिलं. ०.०५ मिलिमीटरचं पान मधोमध सहज गेलं, ०.०८ चंही अडखळत गेलं. त्या इंजिनच्या मॅन्युअलमध्ये मर्यादा ०.०५ ची. म्हणजे फेसिंग, मशीनवर पृष्ठभाग तासून सपाट करणं, करावं लागणार. उंची मोजली: पूर्वी एकदा फेसिंग झालेलं होतं, अजून एकदा करण्याइतकं अॅल्युमिनियम शिल्लक होतं, त्यानंतर नाही. वर्कशॉपमध्ये नेऊन व्हॉल्व्हच्या बैठकींमध्ये तडा आहे का ते रंग मारून तपासून घेतलं. नव्हता. मग कागद घेतला. मी ती मोडीतली गाडी घेतली तेव्हा या हेडच्या वाट्याला आलेले पैसे, काढण्याचे तास, तपासणीचा खर्च. दुसऱ्या बाजूला, गेल्या काही वर्षांत असं हेड ज्यांनी प्रत्यक्ष घेतलं त्यांनी दिलेले भाव, त्यातून फेसिंगचा खर्च वजा, आणि 'हे शेवटचं फेसिंग' म्हणून आणखी थोडे वजा. दोन्ही बाजूंच्या मधला आकडा निघाला. तो माझ्या मनातल्या पहिल्या आकड्यापेक्षाही कमीच होता.

तो माणूस मुलाला घेऊन आला. मी कागद त्याच्यासमोर ठेवला, हेडवर जिथे बाक होता तिथे मार्करनं गोल केला होता तो दाखवला, गेज त्याच्या हातात दिलं. त्यानं स्वतः पान सरकवून पाहिलं, मग मुलाला सरकवून पाहायला सांगितलं. कागद दोनदा वाचला. "यात फेसिंगचे तुम्ही कमी केलेत," तो म्हणाला. "ते तर मला करायचंय."

"म्हणूनच केलेत," मी म्हटलं.

पैसे देऊन झाल्यावर त्यानं विचारलं, दुसरं हेड कधी विकणार असाल तर? ते विकायचं नाही, माझ्या गाडीचं आहे, मी सांगितलं. त्यानं मान हलवली. मग आम्ही दोघांनी मिळून ते जुन्या ब्लँकेटमध्ये गुंडाळलं, दोन्ही टोकांनी उचललं आणि त्याच्या गाडीच्या मागच्या सीटवर, पृष्ठभाग वर करून ठेवलं. मुलगा शेजारी बसला, आणि पूर्ण वाट त्यानं ते धरून ठेवायचं असं ठरलं.